सरहद्दीपलीकडून आलेला माल: एक जुना हिशेब

फुलंब्रीच्या बाजारांत रस्त्याच्या कडेला घड्याळें दुरुस्त करण्याचें एक लहानसें दुकान आहे. औरंगाबादेहून अजिंठ्याकडे जाणारा हमरस्ता गांवाला लागूनच जातो, त्यामुळें दुकानांतील कांचेच्या पेटीवर धुळीचा पातळ थर नेहमींच बसलेला दिसतो. (औरंगाबाद शहराला सरकारनें २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर हें नांव दिलें आहे, परंतु या लेखांतील बराचसा वृत्तान्त त्यापूर्वींच्या काळांतला असल्यामुळें आम्ही जुनेंच नांव वापरणार आहों.) गेल्या उन्हाळ्यांत आम्ही या दुकानांत बसलों असतां टपालवाला एक पुडकें घेऊन आला. एका जुन्या किल्लीच्या घड्याळाचा इवलासा सुटा भाग दुकानदारानें फोनवरून परदेशांतील एका व्यापाऱ्याकडे मागविला होता. पैसे मागणीबरोबरच दिलेले होते. परंतु पुडकें हातीं देण्यापूर्वीं टपालवाल्यानें सीमाशुल्काची रक्कम मागितली. दुकानदार तरुण व स्वभावानें तापट. माल परदेशांतून मुंबईस आठ दिवसांत आला आणि मुंबईंत तीन आठवडे पडून राहिला, हें त्याला आधींच खुपत होतें. त्यांत हा दंड! त्याच्या भाषेंत तो दंडच होता.

दुकानाच्या मागच्या बाजूस त्याचे वृद्ध चुलते बसले होते. ते म्हणाले, “अरे, तुझा माल विलायतेहून आला म्हणून तूं ओरडतोस. माझ्या बापानें मुंबईहून घड्याळ मागविलें, तेव्हां मुंबईच विलायत होती.” एवढें बोलून त्यांनीं फळीवरची एक जीर्ण वही काढून आमच्यापुढें ठेवली. वहींत प्रत्येक पानावर रकमेचे दोन रकाने होते. एकावर ‘हाली’ व दुसऱ्यावर ‘कलदार’ असें लिहिलेलें. तिथी मराठी, पण सन फसली. वही वाचून आम्हांला म्हाताऱ्यांचें वाक्य हा केवळ चिमटा नसून अक्षरशः खरा इतिहास आहे असें वाटूं लागलें, आणि त्या इतिहासाची थोडी उजळणी करावी म्हणून हा लेख.

ज्यांचा जन्म १९५० नंतर झाला त्यांना हें पटविणें कठीण जातें, कीं एके काळीं फुलंब्रीहून उत्तरेस अजिंठ्याच्या रस्त्यानें सिल्लोड ओलांडून फर्दापुरापलीकडे गेलें कीं एक राज्य संपून दुसरें सुरू होत असे. फर्दापूर हें निजामाच्या हद्दींतलें त्या वाटेवरचें शेवटचें मोठें ठिकाण. पुढें खानदेश, म्हणजे इंग्रजी मुलूख. फुलंब्रीपासून हें अंतर पन्नास मैलांच्या आंतच. कन्नडचा घाट उतरला कीं चाळीसगांव, तेंही इंग्रजांचें. अलीकडे व पलीकडे भाषा एकच होती, सोयरिकी एकमेकांत होत, ज्वारीची भाकरी दोहोंकडे सारखीच भाजत. तरीही या रेषेवर माल थांबे, मोजला जाई आणि कर दिल्यावांचून पुढें सरकत नसे. या कराला ‘करोडगिरी’ म्हणत. शब्दाचें मूळ अकबराच्या काळांतील ‘करोडी’ या वसुली अंमलदारापर्यंत जाऊन भिडतें. पण मराठवाड्यांतील म्हाताऱ्यांच्या तोंडीं करोडगिरी म्हणजे नाकें, नाक्यावरचा शिपाई आणि उघडून पाहिलेलें गांठोडें, एवढाच अर्थ आहे.

या करोडगिरीचा पाया १८०२ च्या तहांत आहे. कंपनी सरकार व निजाम अलीखान यांच्यांत त्या सालीं जो व्यापारी तह झाला, त्यानें दोन्हीं राज्यांच्या दरम्यान जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर शेंकडा पांच इतका कर ठरविला, आणि त्याच तहानें निजामास मच्छलीपट्टणचें बंदर वापरण्याची मोकळीक दिली. या तहाची एक बाजू सहसा कोणी सांगत नाहीं. शेंकडा पांच हा दर निजामाला दिलेला अधिकार होता तसेंच तें त्याच्यावर घातलेलें बंधनही होतें. समुद्रकिनारा इंग्रजांच्या हातीं, बंदरें इंग्रजांच्या हातीं. विलायती कापड किंवा स्विस घड्याळ मुंबईस उतरे तेव्हां मुंबईच्या बंदरावरची जकात इंग्रज सरकार घेई. तोच माल निजामी हद्दींत शिरतांना पुन्हां शेंकडा पांच निजाम सरकार घेई. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें ही एकाच मालावर दोनदां पडलेली जकात होती. मिठाची तीच गत. मीठ संस्थानांत बहुतेक सगळें बाहेरचेंच. त्यावर इंग्रजांचा मिठावरचा कर आधींच चढलेला असे, वर करोडगिरी. म्हणून फुलंब्रीच्या कोणा मजुरानें कधीं एकही वस्तु टपालानें मागविली नसली, तरी सरहद्द त्याच्या भाजींत रोज पडत होतीच.

कर आंत येणाऱ्या मालावरच होता असेंही नव्हे. बाहेर जाणाऱ्या मालावरही तो होता. औरंगाबादेचें हिमरू व मशरू, पैठणचीं वस्त्रें आणि विशेषतः मराठवाड्याचा कापूस मुंबईकडे निघाला म्हणजे तोही नाक्यावर थांबे. जें राज्य आपल्याच शेतकऱ्याच्या कापसावर तो बाहेर जातो म्हणून कर घेतें, त्या राज्याचें अर्थशास्त्र आम्हांला तरी शहाणपणाचें वाटत नाहीं. परंतु बंदर नाहीं, प्राप्तिकर नाहीं, आणि आयातीचा दर तहानें बांधलेला, अशा दरबारापुढें वसुलीचे मार्ग थोडेच होते हेंही लक्षांत ठेवलें पाहिजे. पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते. त्यांनीं राज्याच्या आंत ठिकठिकाणीं घेतल्या जाणाऱ्या राहदाऱ्या मोडून वसुली सरहद्दीवर आणण्याचा उद्योग केला. व्यापाऱ्याची वाटेवरची सतावणूक त्यामुळें कमी झाली यांत शंका नाहीं. मात्र त्याच सुधारणेनें सरहद्दीची रेषा अधिक ठळक केली. पूर्वीं दहा ठिकाणीं थोडथोडें द्यावें लागे. आतां एकाच ठिकाणीं, पण नक्की, द्यावें लागूं लागलें.

आतां फुलंब्रीच्या त्या घड्याळाकडे वळूं. मुंबईच्या दुकानांतील वस्तु घरबसल्या मागविण्याची सोय हिंदुस्थानांत फार जुनी नाहीं. किंमत वसूल करून माल देण्याची पद्धति, जिला आपण व्ही. पी. म्हणतों, ती हिंदुस्थानच्या टपालखात्यानें १८७७ सालीं सुरू केली. मनिऑर्डर १८८० पासूनची. या दोन सोयी झाल्या आणि मुंबई-पुण्याचा दुकानदार एकदम खेड्यापाड्यांतल्या गिऱ्हाइकाच्या दारांत जाऊन उभा राहिला. अमेरिकेंत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं केवळ यादी पाठवून माल विकण्याचा धंदा काढला होता. परंतु तेथें पार्सल पोचविण्याचें काम सरकारी टपालानें मोठ्या प्रमाणावर १९१३ पर्यंत हातीं घेतलेलें नव्हतें. या एका बाबतींत आपल्याकडील टपालखातें त्यांच्यापुढें होतें, हें नमूद करण्यास आम्हांला संकोच वाटत नाहीं. किंमतीच्या याद्या छापल्या जाऊं लागल्या, वर्तमानपत्रांत व मासिकांत जाहिराती येऊं लागल्या: घड्याळें, शिवणाचीं यंत्रें, बाजाच्या पेट्या, बियाणें, केसांचीं तेलें, शक्तीचीं औषधें. जुन्या मासिकांच्या शेवटच्या पानांवर नजर टाकली तर त्या काळच्या मराठी माणसाच्या इच्छांची अशी यादी मिळते, कीं तशी कोणत्याही कादंबरींत मिळावयाची नाहीं.

मात्र अमेरिकेंतील शेतकऱ्याला एक गोष्ट आयती मिळाली होती. तेथें एका संस्थानांतून दुसऱ्यांत माल जातांना जकातीचें नाकें नव्हतें. त्यांच्या राज्यघटनेनेंच तें निषिद्ध केलेलें. हिंदुस्थानांत शेंकडों संस्थानें, आणि त्यांतील कित्येकांच्या आपापल्या जकाती. काठेवाडच्या सरहद्दीवर विरमगांवला जें नाकें होतें, तेथील छळाची गोष्ट गांधीजींनीं आत्मकथेंत सांगितली आहे. १९१५ सालीं वढवाणच्या मोतीलाल नांवाच्या शिंप्यानें ती त्यांच्या कानांवर घातली आणि पुढें १९१७ सालीं तें नाकें उठलें. पण तेथें नाकें इंग्रजांचें व गाऱ्हाणें संस्थानी प्रजेचें होतें. इकडे नाकें संस्थानाचें आणि गाऱ्हाणेंही संस्थानच्याच प्रजेचें. त्यामुळें व्हाइसरॉयकडे जाऊन तें दूर करवून घेण्याची वाटही मोकळी नव्हती.

फुलंब्रीहून मुंबईस घड्याळ मागविणें म्हणजे प्रथम पत्र लिहिणें. पत्राला तिकीट लागतें, आणि येथेंच पहिला पेंच. हैदराबाद संस्थानचें टपाल स्वतंत्र होतें. १८६९ सालीं त्यानें आपलें पहिलें तिकीट काढलें. पुढें १८७१ पासूनच्या तिकिटांवर फारसी व इंग्रजीबरोबर तेलुगू व मराठी अक्षरेंही आलीं. इतक्या लहान कागदावर इतक्या भाषा मावविणारें तिकीट जगांत क्वचितच सांपडेल. परंतु ज्या तिकिटावर मराठी लिहिलेलें, तें पुण्यास चालत नसे. संस्थानच्या तिकिटाची सत्ता संस्थानच्या हद्दीपुरती. हद्दीबाहेर पत्र जावयाचें तर इंग्रजी तिकीट हवें. संस्थानांत इंग्रजांच्याही टपालकचेऱ्या होत्या, त्या मुख्यतः छावण्यांत व रेल्वेच्या ठिकाणीं. ज्याचा कोणी सोयरा औरंगाबादेस छावणीच्या किंवा स्टेशनच्या बाजूस राहत असेल, त्याला मुंबईचा व्यवहार त्याच्यामार्फत करणें सोपें. ज्याला असा सोयरा नाहीं, त्याची मागणी मनांतच राहावयाची. वहींतही ‘औरंगाबाद मार्फत’ असे शब्द दोन-तीन वेळां आले आहेत.

माल येण्याची वाट १९०० सालीं सुधारली. त्यापूर्वीं मुंबईचा माल जी. आय. पी. रेल्वेनें नांदगांवपर्यंत येई व तेथून बैलगाडीनें औरंगाबादेस. वेरूळची लेणीं पाहण्यास येणारे साहेबलोकही याच वाटेनें येत. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपासून औरंगाबादेस पोहोंचली आणि हा फेरा चुकला. तथापि मनमाडला एक नवीन अडचण उभी राहिली. जी. आय. पी.चा रूळ रुंद, निजामी रेल्वेचा मीटरचा; म्हणून मनमाडला सगळा माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. राज्याची सरहद्द, रुळांची सरहद्द आणि जकातीची सरहद्द अशा तिन्हीं एकमेकींच्या इतक्या जवळ आलेल्या होत्या, कीं त्यांतली कोणती अधिक त्रासदायक हें मुसाफराला सांगतां येत नसे. मीटरचा रूळ जाऊन रुंद रूळ औरंगाबादेस आला तो पुढें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, म्हणजे इतर दोन सरहद्दी पुसल्या गेल्यावर कितीतरी वर्षांनीं.

आतां किंमत. मुंबईचा दुकानदार किंमत सांगे ती कलदारांत, म्हणजे इंग्रजी रुपयांत. ‘कल’ म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. फुलंब्रीकराच्या कनवटीला असे तो हाली शिक्का. पुढें तोही यंत्रावरच निघूं लागला, त्यावर चारमिनारचें चित्र आलें आणि १९१८ पासून संस्थानच्या नोटाही निघाल्या. पण ‘हाली’ हें नांव लोकांच्या तोंडून गेलें नाहीं. दोहोंचा भाव पूर्वीं वरखालीं होई, मागाहून तो बराचसा स्थिर झाला: शंभर कलदार म्हणजे एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, सोप्या हिशेबानें सहा कलदारांस सात हाली. उदाहरणादाखल तीस कलदारांचें मनगटी घड्याळ घेऊं. त्याचे हाली झाले पस्तीस. त्यावर शेंकडा पांचप्रमाणें करोडगिरी एक रुपया बारा आणे. झाले छत्तीस रुपये बारा आणे. वर टपालाचा खर्च, मनिऑर्डरीचा खर्च, आणि हाली देऊन कलदार घेतांना सराफाचा बट्टा. जळगांवच्या गृहस्थाला हेंच घड्याळ मागवितांना यांतलें टपाल व मनिऑर्डर सोडून कांहीं द्यावें लागत नसे. पस्तीसचा आंकडा मोठा दिसतो तो केवळ नाण्याच्या भेदामुळें, त्यांत खरा तोटा नाहीं, हें खरें. परंतु हाली कमावणाऱ्या माणसाला आपली मजुरी सरहद्द ओलांडतांच सातव्या हिश्श्यानें आंखडते आहे असें वाटल्यावांचून राहत नसे. अशा वाटण्यालाही इतिहासांत जागा दिली पाहिजे.

या साऱ्या हिशेबांत करोडगिरीचा वांटा सगळ्यांत लहान आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल. शेंकडा पांच ही कांहीं कंबर मोडणारी जकात नव्हे. आजच्या कित्येक जकातींपुढें ती क्षुल्लक आहे. लोकांना ती बोंचली ती तिच्या दरामुळें नव्हे, तर तिच्या रीतीमुळें. किंमत किती धरावयाची हें नाक्यावरचा माणूस ठरविणार. कागद उर्दूंत, कारण १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन दरबारी भाषा उर्दू झाली. तारीख आजर, दै, बहमन अशा महिन्यांची, आणि सन इसवी सनाहून पांचशें नव्वद वर्षांनीं मागें. मुंबईच्या दुकानदाराच्या बिलावरील तारीख आणि पावतीवरील तारीख यांचा मेळ घालण्यासच एखादा जाणता माणूस लागावा. माल आपला, पैसा आपला, पण कागदावर काय लिहिलें आहे तें आपल्याला कळत नाहीं, ही लाचारी आण्या-पैंत मोजतां येत नाहीं.

आणि घड्याळ ही शेवटीं चैनीची वस्तु. खरी गोष्ट वाचनाची आहे. ‘केसरी’ १८८१ सालचा पुण्याचा, ‘मनोरंजन’ १८९५ सालचें मुंबईचें, ‘किर्लोस्कर’ १९२० सालीं निघालें तें किर्लोस्करवाडीहून, डॉ. केतकरांचा ज्ञानकोश त्याच सालापासून खंडाखंडानें वर्गणीदारांच्या हातीं पडूं लागला तो पुण्याहून. मराठींत जें कांहीं नवें छापलें जात होतें त्यांतील बहुतेक सर्व सरहद्दीपलीकडे छापलें जात होतें. हैदराबादेहून ‘निजाम विजय’सारखें एखादें साप्ताहिक निघे, पण तो अपवाद. म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पांच जिल्ह्यांतील मराठी माणसाला आपल्याच भाषेंतलें पुस्तक परमुलखांतून मागवावें लागत होतें. पुस्तकांवरील कराचा प्रश्न बाजूस ठेवला तरी टपालाचा, नाण्याचा व वाटेचा भार पुस्तकालाही चुकत नसे. पुण्याचा विद्यार्थी अप्पा बळवंत चौकांत चार पावलें चालून जें घेई, त्यासाठीं इकडच्या शिक्षकाला तिकीट, बट्टा, सोयरा आणि दोन-तीन आठवडे इतका खटाटोप करावा लागे. मराठवाड्याचा लेखक उशिरां लिहूं लागला असें जें म्हटलें जातें, त्याचीं कारणें शोधणारांनीं शाळांचा अभाव व उर्दूचें माध्यम हीं योग्यच सांगितलीं आहेत. आमच्या मतें त्यांत हें तिसरेंही घातलें पाहिजे, कीं येथील वाचक एका पिढीहून अधिक काळ परदेशी गिऱ्हाईक होता.

कित्येकदां माल नुसता महाग नसे, तो निषिद्धच असे. बाहेरच्या वर्तमानपत्रांवर निजाम सरकार वेळोवेळीं बंदी घाली. १९३८ सालीं आ. कृ. वाघमारे यांनीं ‘मराठवाडा’ हें साप्ताहिक काढलें. त्यावर बंदी आली तेव्हां त्यांनीं नांव बदललें. त्या नांवावर बंदी आली तेव्हां तिसरें घेतलें, आणि असें कितीतरी वेळां झालें. बंदी नांवावर होती, मजकुरावर ती घालीपर्यंत अंक घरोघर पोहोंचलेला असे. नाक्यावरच्या शिपायाजवळ असलेली यादी नेहमीं एका नांवानें मागें राही. आम्हांला या प्रसंगाचें हसूं येतें, पण असा अंक ज्याच्या सामानांत सांपडे त्याला हसूं येण्याचें कारण नव्हतें.

ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं या सरहद्दीचा अर्थ बदलला. तोंपर्यंत दोहोंकडे अखेर इंग्रजांचीच सार्वभौम सत्ता होती. आतां एका बाजूस स्वतंत्र हिंदुस्थान आणि दुसऱ्या बाजूस आपणही स्वतंत्र म्हणविणारें हैदराबाद. फर्दापूरची वाट कांहीं महिन्यांपुरती, हैदराबाद दरबाराच्या दृष्टीनें, आंतरराष्ट्रीय सरहद्द झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जैसे-थे करार झाला. परंतु त्याची शाई वाळते न वाळते तोंच हैदराबाद सरकारनें दोन फर्मानें काढलीं. एकानें सोन्याचांदीची हिंदुस्थानांत निर्यात बंद केली, व दुसऱ्यानें हिंदुस्थानचें चलन संस्थानांत कायदेशीर नाणें म्हणून नाकारलें. ज्या वहींत दोन रकाने होते तिच्या एका रकान्यावरच ही कुऱ्हाड होती. वहींत त्या हिंवाळ्यापासून पुढें मुंबईच्या मालाची एकही नोंद नाहीं; वाण्याचें देणें, ज्वारी, सरपण, एवढेंच.

त्याच काळांत संस्थानांत व बाहेर स्टेट काँग्रेसचा लढा पेटला होता. मनमाडसारख्या सरहद्दीलगतच्या गांवीं कार्यकर्त्यांचीं शिबिरें होतीं, आणि त्यांच्या हल्ल्यांचें एक नेहमींचें लक्ष्य म्हणजे करोडगिरीचीं नाकीं. याचें कारण केवळ युद्धनीतीचें नसावें असें आम्हांस वाटतें. पोलिसांचें ठाणें गांवांत कोठें आहे हें एखाद्याला ठाऊक नसेल. निजामाचा राजवाडा तर लाखांतल्या एकानेंही पाहिला नसेल. पण करोडगिरीचें नाकें ज्यानें कधीं माहेराहून लुगडें किंवा मुंबईहून औषध आणलें त्या प्रत्येकानें पाहिलेलें होतें. नाकें जळालें ही बातमी समजावून सांगावी लागत नसे.

या शेवटच्या वर्षांत दरबाराचीच अवस्था फुलंब्रीच्या गिऱ्हाइकासारखी झाली हें पाहून मौज वाटते. चोहोंकडून हिंदुस्थाननें वेढलेल्या राज्याला बाहेरचा माल मागवावयाचा होता आणि मधली वाट बंद होती. पोर्तुगीजांकडून गोव्यांतलें बंदर मिळविण्याचे बेत झाले, ते कागदावरच राहिले. शेवटीं सिडने कॉटन नांवाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें १९४८ मध्यें कराचीहून विमानांनीं चोरून शस्त्रें आणून दिलीं. औषधें, पेट्रोल, पाणी शुद्ध करण्याचें क्लोरीन यांची टंचाई हिंदुस्थानच्या अडवणुकीमुळें झाली अशी तक्रार दरबार करीत होता. हिंदुस्थान सरकार आपण नाकेबंदी पुकारली नसल्याचें सांगत होतें. दरबाराच्या गाऱ्हाण्यांत कांहीं तथ्य होतेंही. टंचाईचा फटका प्रथम दवाखान्यांतल्या गरीब रोग्यालाच बसतो, आणि रझाकारांच्या दहशतीविषयीं संताप बाळगणाऱ्यानेंही हें विसरूं नये. २१ ऑगस्ट रोजीं दरबारानें राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे धांव घेतली. १३ सप्टेंबर रोजीं हिंदी फौजा आंत शिरल्या; १७ तारखेस सर्व आटोपलें.

फौजांना सरहद्द ओलांडण्यास पांच दिवस पुरले. करोडगिरीला तितक्यांत जातां आलें नाहीं. संस्थानचें टपालखातें हिंदुस्थानच्या टपालांत विलीन झालें तें १ एप्रिल १९५० रोजीं. त्याच वर्षीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेंत ३०६ वें कलम असें घातलेलें होतें, कीं ‘ब’ वर्गांतील ज्या राज्यांत पूर्वींपासून अशी जकात आहे, त्यांना ती केंद्राशीं करार करून ठराविक मुदतीपर्यंत, जास्तींत जास्त दहा वर्षें, चालू ठेवतां येईल. हैदराबाद हें ‘ब’ वर्गाचेंच राज्य होतें. स्वतंत्र देशाच्या घटनेनेंच देशांतल्या सरहद्दीला मुदत वाढवून द्यावी, हें ऐकावयास विचित्र लागतें. परंतु राज्याचा मोठा महसूल एका रात्रींत बुडविला तर शाळा व दवाखाने कशावर चालवावयाचे, हा प्रश्न खरा होता. मुदत पुरी होण्याआधींच, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनें तें कलम गेलें, आणि त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरास हैदराबाद राज्यही मोडून मराठवाडा मुंबई राज्यांत आला. हाली शिक्का सर्वांत चिवट. नवीन हाली नाणें निघावयाचें १९५० नंतर लवकरच थांबलें, पण जुनें नाणें सहास सात या भावानें बाजारांत फिरत राहिलें. तें १९५९ सालीं कायमचें बाद झालें. वहींतील हालीचा रकाना १९५४ पर्यंत भरलेला आहे. पुढच्या पानांवर रेघ ओढलेली आहे, रकाना मोकळा आहे.

घड्याळवाल्या तरुणाला आम्हीं हें सगळें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “तें ठीक आहे, पण आतां तर देश एक आहे.” तें खरें आहे, आणि त्याच्या पिढीला त्याचें महत्त्व कळत नाहीं याचें आश्चर्य नाहीं. राज्याराज्यांच्या सरहद्दीवर ट्रक उभे राहत ते २०१७ च्या जुलईपर्यंत. मुंबई शहराची स्वतःची जकातही तेव्हांच संपली. आज मुंबईचा माल फुलंब्रीला येतांना कोणी अडवीत नाहीं. उरली ती एकच सरहद्द, देशाची. मात्र ती आतां घाटांत किंवा नाक्यावर दिसत नाहीं. वस्तूचा वर्ग कोणता, त्याचा अंक कोणता, मागविणाराचें ओळखपत्र जोडलें आहे कीं नाहीं, अशा गोष्टींत ती असते. पूर्वीं परदेशांतल्या नातेवाइकानें पाठविलेली लहानशी भेट करांतून सुटे. डिसेंबर २०१९ मध्यें सरकारनें भेट म्हणून येणाऱ्या मालाला बंदीच केली, कारण व्यापारी ‘भेट’ या नांवाखालीं विकलेला माल पाठवूं लागले होते. अपवाद दोनच ठेवले: जीव वांचविणारीं औषधें आणि राखी. कायद्याच्या रुक्ष भाषेंत राखीसाठीं वेगळें वाक्य लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही मनांतल्या मनांत नमस्कार केला.

उलट दिशेचा अनुभवही ताजा आहे. आठशें डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलाला अमेरिकेंत जकात माफ होती, ती तेथील सरकारनें २०२५ च्या ऑगस्टअखेर काढून घेतली. नव्या वसुलीची व्यवस्था ठरेना म्हणून भारतीय टपालानें अमेरिकेकडचीं बहुतेक पार्सलें घेणें त्या महिन्यांत थांबविलें, तें १५ ऑक्टोबरास पुन्हां सुरू झालें. दिवाळी त्याच आठवड्यांत होती. चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे बांधून बसलेल्या किती आयांना त्या दीड महिन्यांत सरहद्द म्हणजे काय हें समजलें असेल! त्यांच्या लेकीसुना कॅलिफोर्नियांत अगर न्यू जर्सींत. आणि चकलीची किंमत डॉलरांत किती लिहावयाची हा प्रश्न त्यांच्यापुढें. करोडगिरीच्या शिपायानें गांठोडें सोडून लुगड्याची किंमत विचारली तेव्हां आमच्या आज्या-पणज्याही अशाच गोंधळल्या असतील.

दुकानदारानें आपली पावती आमच्यापुढें केली आणि आंकडा बरोबर आहे का तें पाहण्यास सांगितलें. आम्हीं वर्ग पाहिला, दर पाहिला, गुणाकार केला. आंकडा बरोबर होता. त्याची निराशा झालेली दिसली, कारण चूक सांपडली असती तर भांडतां आलें असतें. इतक्यांत सिल्लोडचें गिऱ्हाईक आपलें घड्याळ घेण्यास आलें. सुट्या भागाची किंमत त्यानें मान्य केली. जकात मात्र आपण कां सोसावी, असें तें विचारूं लागलें. चुलत्यांनीं वही मिटून फळीवर ठेवली, आणि त्या दोघांची घासाघीस चालू असतां आम्ही बसस्थानकाकडे निघालों.